रोमान्स आणि फँटसी कादंबऱ्या कुणाला सुचवायच्यात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मैत्रीण म्हणते "प्रेम पण हवं आणि जादू पण हवी, काहीतरी नवीन सांग ना". काय सांगू?

लगेच नाव सांगू नका. आधी तिला विचारा, की या दोन्हीतलं एक कमी पडलं तर तुला काय जास्त खटकेल? सगळं घोडं इथेच अडतं. सारा जे. मास यांच्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस'मधून प्रेम काढून टाकलं तर हातात फारसं उरत नाही, आणि ते तसंच असायला हवं कारण ती मुळातच प्रेमकथा आहे, परीलोक हा तिचा रंगमंच आहे. याउलट ताशा सुरी यांचं 'द जॅस्मिन थ्रोन' घ्या, त्यात मालिनी आणि प्रिया यांच्यातली ओढ जबरदस्त आहे पण ती बाजूला ठेवली तरी साम्राज्य, बंड, सम्राट भावाने बहिणीला कैदेत टाकणं, जुन्या मंदिरातली भयंकर शक्ती हे सगळं आपल्या पायावर उभं राहतं. दोन्ही पुस्तकं हल्ली एकाच यादीत दिसतात आणि मग प्रेमकथेसाठी आलेली वाचक राजकारणात अडकते, आणि राजकारणासाठी आलेला वाचक म्हणतो की हे दोघं किती वेळ एकमेकांकडे बघत बसणार आहेत. पुस्तकं दोन्ही चांगलीच असतात, फक्त चुकीच्या माणसाच्या हातात पडलेली असतात.

मग अजून काय काय विचारायचं?

शेवटचं कुठलं पुस्तक रात्रभर जागून वाचलं आणि कुठलं अर्धवट सोडलं, हे दोन्ही विचारा. मला तरी दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून जास्त कळतं. "मला सगळं चालतं" म्हणणारा माणूस सोडलेल्या पुस्तकाबद्दल बोलायला लागला की बरोबर सांगतो, नावंच लक्षात राहत नव्हती, हिरो फार दादागिरी करत होता, शंभर पानं झाली तरी काही घडलंच नाही. बास, अर्धं काम झालं.

त्याशिवाय एक गोष्ट हळूच विचारायची, की सध्या काय नको आहे. कुणाच्या घरी आजारपण चालू असतं, कुणी नुकतं कुणाला गमावलेलं असतं. एमिली हेन्री यांचं 'बीच रीड' दोन लेखक एकमेकांच्या साहित्यप्रकारात लिहून बघायची पैज लावतात म्हणून मजेशीर वाटतं, कव्हर पण तसंच आहे, पण त्यातली नायिका वडील गेल्याच्या दुःखात आहे आणि वडिलांबद्दल तिला असं काहीतरी कळलंय की ते दुःख सरळ राहिलेलं नाही. ज्याची जखम ओली आहे त्याला हे न सांगता पुस्तक देणं बरोबर नाही.

मी आजवर फँटसी वाचलीच नाही. नकाशे आणि विचित्र नावं बघूनच दडपण येतं. कुठून सुरुवात करू?

हीदर फॉसेट यांचं 'एमिली वाइल्ड्स एन्सायक्लोपीडिया ऑफ फेअरीज', २०२३ चं आहे. नकाशा पाठ करावा लागत नाही, जग बरंचसं आपलंच आहे, १९०९ साल, केंब्रिजची एक प्राध्यापिका परीलोकाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायला उत्तरेकडच्या एका थंड गावात जाते, सोबत तिचा भला मोठा कुत्रा, आणि मागोमाग तिचा तो गोडबोल्या सहकारी वेंडेल बॅम्बलबी जो तिला अजिबात नको असतो. सगळं तिच्या डायरीतून येतं, तळटीपांसकट. एमिलीला माणसांशी बोलणं जमत नाही पण परीलोकाचे कायदे तोंडपाठ आहेत, आणि वाचता वाचता ते कायदे आपल्यालाही कळत जातात, कुणी शिकवतंय असं वाटतच नाही. नवख्या वाचकाला अजून काय हवं.

अजून एक म्हणजे रेबेका रॉस यांचं 'डिव्हाइन रायव्हल्स'. एकाच वर्तमानपत्रात एकाच जागेसाठी झगडणारे दोघं, आयरिस आणि रोमन, आणि टाइपरायटरवर लिहिलेली पत्रं जी कपाटाच्या दाराखालून सरकवली की भलतीकडेच पोचतात. देवांचं युद्ध चालू आहे पण ते मागे, पुढे आहेत ती पत्रं. फक्त एवढं सांगून ठेवा की पहिला भाग अशा ठिकाणी संपतो की दुसरा, 'रूथलेस वाउज', हाताशी असलेला बरा. दोन भागांत गोष्ट पूर्ण होते.

माझा मित्र जाड जाड फँटसी वाचतो पण रोमान्स म्हटलं की नाक मुरडतो. त्याला काय देऊ?

त्याच्याशी वाद घालू नका, नेओमी नोविक यांचं 'अपरूटेड' द्या. २०१५ सालच्या कादंबऱ्यांमध्ये त्याला नेब्युला हा विज्ञानकथा-फँटसीचा मानाचा पुरस्कार मिळालाय, त्यामुळे मित्रालाही ते हातात घ्यायला काही वाटणार नाही. गावाला गिळायला बसलेलं जंगल, दर दहा वर्षांनी गावातली एक मुलगी घेऊन जाणारा खडूस जादूगार, आणि धांदरट वाटणारी आग्नीएश्का जिची जादू त्याच्या शिस्तीत बसतच नाही. प्रेम आहे, पण ते दोघांच्या जादू करण्याच्या पद्धती एकमेकीत मिसळतात तिथून उगवतं, आणि त्याला कळेपर्यंत तो त्यात गुंतलेला असतो.

आणि त्याच्याकडे वेळ कमी असेल तर 'धिस इज हाऊ यू लूज द टाइम वॉर'. अमल अल-मोहतार आणि मॅक्स ग्लॅडस्टोन या दोघांनी मिळून लिहिलेली छोटीशी कादंबरी, काळाच्या युद्धातल्या दोन शत्रू हेर, रेड आणि ब्लू, एकमेकींना पत्रं ठेवत जातात. ह्यूगो हा याच क्षेत्रातला दुसरा मोठा पुरस्कार आणि नेब्युला, दोन्ही मिळालेत. भाषा मात्र कवितेसारखी दाट आहे, घाईत वाचलं तर काहीच हाती लागत नाही, हे आधीच सांगा.

'फोर्थ विंग' आधी वाचू की 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस'?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर तुमच्या स्वभावावर आहे.

वेग हवा असेल तर रेबेका यारोस यांचं 'फोर्थ विंग', मे २०२३ मध्ये आलं. व्हायलेटला खरं तर ग्रंथपालांसारखं पुस्तकांत आयुष्य काढायचंय, पण सेनापती असलेली तिची आई तिला ड्रॅगनस्वारांच्या शाखेत ढकलते, जिथे पहिल्याच दिवशी एका अरुंद कठड्यावरून चालत जायचं असतं आणि पाय घसरला तर संपलं. मला यात सगळ्यात भावतं ते व्हायलेटचं शरीर. तिचे सांधे निखळतात, हाडं पटकन मोडतात, आणि लेखिकेला स्वतःला एहलर्स-डॅनलॉस हा सांध्यांवर आणि त्वचेवर परिणाम करणारा आजार आहे, त्यामुळे ते दुखणं फक्त नाट्यासाठी आणलेलं वाटत नाही, रोज पट्ट्या बांधून कसं जगायचं, कुठे ताकद लावायची आणि कुठे डोकं, याचा हिशोब त्यात आहे. ज्यांना स्वतःला असं काही दुखणं आहे अशा वाचकांना मी हे पुस्तक मुद्दाम सांगते. त्रुटी पण सांगते, जगाची रचना पहिल्या भागात घाईघाईत येते आणि माणसं तोंडाने इतिहासाची उजळणी करत बसतात.

'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' २०१५ चं, पहिला अर्धा भाग संथ आहे. फेअरा उपाशी घरासाठी जंगलात एक लांडगा मारते आणि त्याची भरपाई म्हणून तिला परीलोकात नेलं जातं, सौंदर्यवती आणि पशूच्या जुन्या गोष्टीची छाया स्पष्ट दिसते. इथे नियम एकच, दुसरा भाग वाचल्याशिवाय सिरीजबद्दल मत बनवायचं नाही. का ते सांगणार नाही, तुम्ही पण कुणाला सांगू नका प्लीज, कारण त्या दुसऱ्या भागात जे होतं ते स्वतःहून कळण्यातच मजा आहे. तिसऱ्या भागापर्यंत मुख्य युद्धाचा निकाल लागतो, तिथे थांबलात तरी चालतं.

दोन्ही वाचून झाली. आता तसंच काहीतरी सांगा!

तसंच म्हणजे कसं, हे आधी ठरवा. ड्रॅगन आवडले, जीवघेणी परीक्षा आवडली, की तो काळे कपडे घालणारा रहस्यमय हिरो आवडला? तिन्हीची उत्तरं वेगळी.

जीवघेणी स्पर्धा आवडली असेल तर कॅरिसा ब्रॉडबेंट यांचं 'द सर्पंट अँड द विंग्ज ऑफ नाइट', व्हँपायर राजाने दत्तक घेतलेली मानवी मुलगी ओराया एका स्पर्धेत उतरते जिथे शेवटी एकच जिवंत राहणार आणि तिथेच तिला ज्याच्याशी हातमिळवणी करावी लागते तोच सगळ्यात धोकादायक. मला तर बापलेकीचं नातं प्रेमकथेपेक्षाही जास्त लक्षात राहिलंय, प्रेम आणि ताबा यातली रेष किती पुसट असते ते त्यात फार नीट आलंय. दोन भागांत ओरायाची गोष्ट संपते.

तो रहस्यमय हिरो आवडला असेल आणि शत्रुत्वातून प्रेम हे खऱ्या अर्थाने हवं असेल, म्हणजे नुसती नोकझोक नाही तर एकमेकांचं नुकसान करू शकणारे दोघं, तर हॉली ब्लॅक यांचं 'द क्रुएल प्रिन्स'. ज्यूड माणूस आहे, आईवडिलांना मारणाऱ्याच्याच घरी परीलोकात वाढलीये, आणि तिला कुणाचं प्रेम नको, सत्ता हवीये. कार्डनशी तिचं जे काही होतं ते त्या सत्तेच्या खेळातून होतं. त्रयी २०१९ मध्येच पूर्ण झाली. 'फोर्थ विंग'सारखे प्रणयप्रसंग यात अजिबात नाहीत.

आणि ड्रॅगन हवे असतील आणि धीर असेल तर सामंथा शॅनन यांचं 'द प्रायरी ऑफ द ऑरेंज ट्री', आठशे पानांच्या आसपास, राणी आणि तिचं गुपचूप रक्षण करणारी ईड, पूर्वेकडचे ड्रॅगन वेगळे आणि पश्चिमेकडचे वेगळे. सुरुवातीची बरीच पानं नावं लावण्यात जातात. पण एवढं सगळं एकाच पुस्तकात पूर्ण होतं.

जादूबिदू नको, साधी आजच्या काळातली प्रेमकथा सांगा.

एमिली हेन्री. २०२० पासून दर वर्षी त्यांचं एक पुस्तक येत गेलं, पण मी सगळ्यांना 'बुक लव्हर्स'पासून सुरुवात करायला सांगते. नोरा ही साहित्यिक एजंट, म्हणजे इतर प्रेमकथांमध्ये हिरो जिला सोडून गावाकडच्या गोड मुलीकडे जातो ना, ती शहरातली कामात बुडालेली बाई, इथे तीच नायिका आहे. आणि चार्ली हा संपादक तिला बदलायला सांगत नाही. किती प्रेमकथांमध्ये बाईने काम कमी केलं की तिला सुख मिळतं, आणि इथे ते होत नाही, हे मला फार मोठं वाटतं. बहिणीबहिणींचं नातं तर प्रेमकथेच्या तोडीचं आहे.

तिथून 'फनी स्टोरी'कडे जा, मुलांच्या विभागातली ग्रंथपाल डॅफ्नी आणि माइल्स, दोघांचे जोडीदार एकमेकांबरोबर गेलेले, आणि हे दोघं एकाच घरात.

प्रयोगशाळा, पीएचडी, खोटं खोटं डेटिंग हे आवडत असेल तर अली हेझलवूड यांचं 'द लव्ह हायपोथिसिस', लेखिका स्वतः मेंदूविज्ञानात संशोधन केलेली आहे त्यामुळे विद्यापीठातलं वातावरण खरं वाटतं. आणि हेलन होआंग यांचं 'द किस कोशंट' माझं लाडकं, स्टेला ऑटिस्टिक आहे आणि लेखिकेलाही मोठेपणी ऑटिझमचं निदान झालेलं आहे, स्पर्श, आवाज, गर्दी याबद्दल स्टेलाला काय वाटतं ते इतकं आतून लिहिलंय की पुस्तक संपल्यावर आपण माणसांशी जरा सावकाश वागायला लागतो. प्रणयप्रसंग भरपूर आहेत, हे लक्षात ठेवून सुचवा.

मारामारी, रक्त, युद्ध काही नको. थकलोय. शांत काहीतरी?

ट्रॅव्हिस बाल्ड्री, 'लेजंड्स अँड लाटेज'. आयुष्यभर तलवार चालवलेली विव्ह नावाची ऑर्क, म्हणजे फँटसीतली धिप्पाड राक्षसी जमात, ते सगळं सोडते आणि ज्या शहरात कॉफी कुणाला माहीतच नाही तिथे कॉफीचं दुकान टाकते. लाकूडकाम, कामाला माणसं शोधणं, पहिलं गिऱ्हाईक, आणि टँड्रीबरोबर हळूहळू जुळत जाणारं नातं जे शेवटपर्यंत कुणी मोठ्याने जाहीर करत नाही. टी. जे. क्लून यांचं 'द हाऊस इन द सेरुलियन सी' पण याच जातीचं, सरकारी नियमपुस्तिका काखेत धरून फिरणारा चाळिशीचा लायनस एका बेटावरच्या जादुई मुलांच्या अनाथाश्रमाची तपासणी करायला जातो. मुलं अशी लिहिलीयत की प्रत्येकाला वेगळा आवाज आहे.

सारा बेथ डर्स्ट यांचं 'द स्पेलशॉप' पण चालेल, ग्रंथपाल, बोलणारं झाड, बेट. गोड आहे. ताण कमी आहे, काहींना जरा जास्तच कमी वाटतो.

प्रणयप्रसंग किती आहेत ते आधीच कसं कळणार? घरातल्या मुलीला पुस्तक द्यायचंय.

कव्हरवरून कळत नाही, कार्टून काढलेल्या गोंडस कव्हरच्या आत काहीही असू शकतं. 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' सुरुवातीला यंग अडल्ट, म्हणजे किशोरवयीनांसाठीचं, म्हणून छापलं गेलं होतं त्यामुळे अजूनही लोक ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना बिनधास्त सुचवतात, आणि पुढचे भाग, विशेषतः 'अ कोर्ट ऑफ सिल्व्हर फ्लेम्स', पूर्णपणे मोठ्यांसाठी आहेत. 'फोर्थ विंग'मध्ये कॉलेज आहे म्हणून ते कॉलेजकुमारांचं साधंसरळ पुस्तक नाही, ते पण मोठ्यांचंच.

किशोरवयीन वाचकाला 'द क्रुएल प्रिन्स', 'डिव्हाइन रायव्हल्स' किंवा नेओमी नोविक यांचं 'अ डेडली एज्युकेशन' द्या. त्या शेवटच्यात शाळाच मुलांना गिळायला बसलेली आहे आणि एल नावाची चिडकी मुलगी, जिच्या वडिलांकडचं घर मुंबईकडचं, सगळ्या जगाचा नाश करू शकेल एवढी ताकद असून ती न वापरण्याचा रोज हट्ट धरते. हिंसा आहे त्यात, प्रेम हळुवार आहे.

आणि मोठ्यांना सुचवताना पण हे सांगायला लाजू नका. "यात खुले प्रसंग आहेत" किंवा "दार बंद होतं आणि पुढचं प्रकरण सुरू होतं" एवढं एक वाक्य पुरे. कुणाला ते हवं असतं, कुणाला नको असतं, दोन्हीत काही वावगं नाही.

शेवट गोडच असेल ना?

रोमान्स म्हणून आलेलं पुस्तक असेल तर हो, तो त्या प्रकाराचा अलिखित करारच आहे, दोघं एकत्र येतात किंवा निदान आशेवर संपतं. पण फँटसीत प्रेमकथा असली म्हणजे तो करार लागू होतोच असं नाही. व्ही. ई. श्वाब यांचं 'द इन्व्हिजिबल लाइफ ऑफ अ‍ॅडी लारू' बघा, १७१४ मध्ये एक मुलगी स्वातंत्र्यासाठी अंधाऱ्या देवाशी सौदा करते आणि अमर होते पण जो भेटेल तो तिला विसरतो, आणि तीनशे वर्षांनी पुस्तकांच्या दुकानातला एक मुलगा म्हणतो, मला तू आठवतेस. फार सुंदर आहे, पण ते प्रेमकथा म्हणून दिलं आणि समोरच्याला गोड शेवट हवा असेल तर तो रागावेल. कॅलिएन ब्रॅडली यांचं 'द मिनिस्ट्री ऑफ टाइम' पण तसंच, १८४५ च्या फ्रँकलिन मोहिमेतला, म्हणजे आर्क्टिकमध्ये हरवलेल्या ब्रिटिश जहाजांवरचा, खराखुरा नौदल अधिकारी ग्रॅहम गोर आजच्या लंडनमध्ये आणला जातो, सुरुवात खट्याळ, पुढे हेरकथा, आणि शेवटाबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत. शेवट काय आहे ते सांगू नका, शेवटाची जात मात्र सांगा.

सगळ्या नायिका एकोणीस-वीसच्या का? पस्तिशी-चाळिशीची माणसं प्रेमात पडत नाहीत का?

पडतात, टी. किंगफिशर यांच्याकडे जा. 'स्वोर्डहार्ट'मधली हाला छत्तीस वर्षांची विधवा आहे, वारसा मिळाल्यामुळे नातेवाइकांनी कोंडलेली, आणि भिंतीवरची जुनी तलवार म्यानातून काढते तर त्यातून एक शेकडो वर्षांचा योद्धा बाहेर येतो. 'पॅलाडिन्स ग्रेस'मध्ये ज्याचा देवच मेलाय असा स्टीफन आणि अत्तरं बनवणारी ग्रेस. ही माणसं दमलेली आहेत, बिचकतात, आधीच्या नात्यांचे घाव आहेत, पाठ दुखते, आणि तरी एकमेकांकडे बघून हसतात. मला विचाराल तर या यादीत सगळ्यात कमी सुचवली जाणारी आणि सगळ्यात जास्त सुचवायला हवी अशी हीच पुस्तकं.

मी मनापासून सुचवलं आणि तिला आवडलंच नाही. वाईट वाटतंय.

वाटणारच, पण तिला पूर्ण करायचा आग्रह करू नका. कुठे थांबली ते विचारा. 'स्पिनिंग सिल्व्हर' पुष्कळ जण मध्येच सोडतात कारण नोविक निवेदक बदलत जातात आणि कोण बोलतंय ते प्रकरणाच्या डोक्यावर लिहिलेलं नसतं, अशा वाचकाला 'अपरूटेड' आवडू शकतं कारण तिथे आवाज एकच आहे. तेव्हा सोडलेलं पान हे पुढच्या पुस्तकाचा पत्ता देतं.

सिरीज अर्धवट आहे, सुरू करू का थांबू?

वाट बघणं ज्याला सोसत नाही त्याने पूर्ण झालेली घ्यावी. ताशा सुरी यांची 'द जॅस्मिन थ्रोन'पासूनची त्रयी २०२४ मध्ये 'द लोटस एम्पायर'ने संपली, एमिली वाइल्डचा तिसरा भाग २०२५ मध्ये आला. 'फोर्थ विंग'ची मालिका पाच भागांची ठरलेली आहे, तिसरा 'ऑनिक्स स्टॉर्म' जानेवारी २०२५ चा, आणि प्रत्येक भाग अगदी टोकावर आणून सोडतो, त्यामुळे ते सुचवताना हे आधी सांगा, मग सुरू करायचं की थांबायचं ते माणूस स्वतःच ठरवतो.

वाचायला वेळ नाही, ऐकलं तर चालेल का?

चालेल की. एमिली हेन्री यांची पुस्तकं ज्युलिया व्हेलन वाचतात आणि संवादांमधली नोकझोक ऐकताना आणखी खुलते. 'लेजंड्स अँड लाटेज' तर लेखकानेच वाचलंय, बाल्ड्री आधी दुसऱ्यांची ऑडिओबुक्सच वाचायचे. 'प्रायरी' मात्र छापील घ्या, पात्रांची यादी आणि नकाशा सारखा उघडून बघावा लागतो.